जोडीतला दुसरा

जखम मोजायची एक ठरलेली पद्धत असते. आधी मिठाच्या पाण्याने ती धुवायची, भोवतालची कातडी टिपून कोरडी करायची, मग तिच्यावर दोन पदरी पारदर्शक फिल्म अलगद ठेवायची. बारीक टोकाच्या पेनाने कडेकडेने रेघ ओढत जायचं. आपला हात हलता कामा नये आणि पेशंटला बोलतं ठेवायचं. रेघ पुरी झाली की जखमेला टेकलेला खालचा पदर कचऱ्यात, वरचा फाइलमध्ये. वरच्या पदरावर चौकोन छापलेले असतात. रेघेच्या आत किती आले ते मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरला असेल तर तो पुरा धरायचा. एवढंच. एकोणीस वर्षं मी हे करत आले.

आमची ड्रेसिंगची खोली दवाखान्याच्या मागच्या इमारतीत होती. तळमजला, दोन पलंग, एक उंच स्टूल, कितीही पिळला तरी ठिबकणारा नळ आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. त्या खिडकीतून येणारा उजेड दिवसभर सारखाच असायचा, म्हणून ती खोली सरांनी मुद्दाम मागून घेतली होती.

सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. मी नोकरीला लागले तेव्हा पू बघून मला चक्कर यायची. त्यांनी मला हाकललं नाही. शेजारी उभं करून एवढंच म्हणाले, ‘नाक मुरडू नकोस. वास हीसुद्धा माहिती असते.’ त्या दिवसापासून मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. माझं लग्न मोडलं तेव्हा, आई गेली तेव्हा, धाकट्या भावाला कारखान्यात चिकटवायचं होतं तेव्हा, मी आधी सरांच्या कानावर घातलं आणि मग घरच्यांच्या.

दोन वर्षांपूर्वी मांडीच्या मोडलेल्या हाडाचं ऑपरेशन करताना हाडाची एक टोकदार कपची हातमोजा फाडून सरांच्या उजव्या तळहातात घुसली. पेशंट बरा होऊन घरी गेला, सरांची जखम मात्र भरली नाही. औषधं झाली, दोनदा आत साफ करून झालं, कपचीचा तुकडा आत राहिलाय असं एक्स-रेच्या फोटोत दिसायचं पण हाताला लागायचा नाही. दिवसाला चार-चार ऑपरेशनं करणारा माणूस पांढरा सुती हातमोजा घालून कागदांवर सह्या करत बसू लागला. सुरुवातीला त्यांचं ड्रेसिंग मीच करायचे. मग एक दिवस ते म्हणाले, राहू दे, माझं मी करेन. मला वाटलं, संकोच वाटत असेल.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी तो अभ्यास सुरू केला.

अभ्यास एका नव्या मलमाचा होता. न भरणाऱ्या जखमांसाठी. चाळीस पेशंट, दोघादोघांच्या जोड्या. जोडीतल्या एकाला नवं मलम, दुसऱ्याला नेहमीचं. डब्या सगळ्या एकसारख्या, वर फक्त नंबर. कोणाला काय मिळतंय आणि कोणाची जोडी कोणाशी, याची यादी एकट्या सरांच्या कपाटात. असे अभ्यास असेच करतात, नाहीतर मोजणारा माणूस आपल्याला हवं तेच बघतो. मला एकच गोष्ट खटकली होती. जुन्या, चिवट जखमांबरोबर सरांनी काही अगदी ताज्या, किरकोळ जखमाही घेतल्या होत्या. मी विचारलं, तर त्यांनी सगळ्या प्रकारच्या हव्यात असं सांगितलं.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते एक. मी धुवायचे, मोजायचे, मलम लावायचे, बांधायचे.

सात नंबर होते पोस्टमनकाका. निवृत्त. तीन वर्षांपूर्वी हिरव्या बाटलीच्या काचेवर पाय पडला, साखरेचा आजार होताच, टाच सडत गेली. पहिल्या दिवशी त्यांच्या जखमेचे एक्केचाळीस चौकोन भरले. आकार विचित्र होता. एका बाजूला खोल खाच आणि खाली लोंबणारी शेपटी. आणि वास, तळाला सफरचंदं सडलेल्या पेटीसारखा. ते स्वतःच हसायचे, म्हणायचे, आयुष्यभर लोकांच्या दाराशी गेलो, आता लोक दारातूनच परत जातात.

बारा नंबर होती बेकरीत काम करणारी एक बाई. भट्टीतला तापलेला ट्रे मनगटाला टेकला होता. जेमतेम सहा चौकोनांचा गोल. तिला यायचंच नव्हतं. मी तिला सांगितलं, लवकर बरं वाटेल. ती म्हणाली, ‘तुम्ही म्हणताय तर करते सही.’

तिसऱ्या आठवड्यात काकांची टाच भरू लागली. माझा विश्वास बसेना. तीन वर्षं जिथे काही ढिम्म हललं नव्हतं तिथे गुलाबी कड सरकत आत येत होती. चौथ्या आठवड्यात एकतीस चौकोन, पाचव्यात चोवीस. काका म्हणाले की दोन दिवस टाच भाजल्यासारखी चुरचुरली. बघितलं तर जखमेच्या मधोमध एक गोल लाल डाग होता, गरम भांडं टेकल्यासारखा. मी तो नोंदवला.

बेकरीवालीचं मनगट मात्र बिघडत चाललं. सोळा चौकोन, मग तेवीस. मी तिला ओरडले, पाण्यात हात घालतेस, पट्टी सोडतेस. ती गप्प ऐकून घ्यायची. एकदा हळूच म्हणाली, ‘सिस्टर, खाज टाचेला सुटते. हाताला नाही.’ मी ते नोंदवलं नाही. टाच खाजली तर त्यात काय नोंदवायचं.

त्याच दिवशी तिची पट्टी सोडताना मला तो सडक्या सफरचंदाचा वास आला.

मी मान फिरवून दुसऱ्या पलंगाकडे बघितलं. पलंग रिकामा होता. काका त्या दिवशी आलेलेच नव्हते.

पुढच्या शुक्रवारी तिच्या मनगटातून मी चिमट्याने काहीतरी कडक काढलं. भट्टीतला खडा असेल म्हणून ताटलीत ठेवलं, पाण्याने धुतलं. हिरव्या काचेचा तुकडा होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मी तिला विचारलं, हाताला कधी बाटली लागली होती का. ती नाही म्हणाली. मी काकांचा फोटो पुन्हा काढायला लावला. तीन वर्षं टाचेत दिसणारा तो पांढरा ठिपका आता दिसत नव्हता.

पेशंट गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि दोघांच्या फाइली काढल्या. काकांची पहिल्या आठवड्याची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि तिच्यावर त्या बाईची त्या दिवशीची फिल्म ठेवली. खाच खाचेवर बसली. शेपटीचा वरचा भाग शेपटीवर. जेवढा भाग बाईच्या फिल्ममध्ये अजून कमी होता, नेमका तेवढाच काकांच्या टाचेवर शिल्लक होता, वर तो गोल लाल डाग. मग मी प्रत्येक आठवड्याची बेरीज केली. एक्केचाळीस आणि सहा, एकतीस आणि सोळा, चोवीस आणि तेवीस. दर वेळी सत्तेचाळीस.

त्या दुपारी मी बाकीच्यांच्याही फिल्म काढल्या. सगळ्या जोड्या सापडायला दोन तास पुरले. सरांच्या कपाटातल्या यादीची मला गरजच पडली नाही.

मी सरळ सरांकडे गेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं. एकाच खोलीत, एकाच हाताने ड्रेसिंग होतं, म्हणजे जंतू इकडून तिकडे गेले. काच चिमट्याला चिकटून आली असेल. आकाराचं म्हणशील तर, माणूस सारखं बघत राहिला की ढगांतही चेहरे दिसतात. उद्यापासून प्रत्येकासाठी वेगळा ट्रे, वेगळी हत्यारं. बोलता बोलता त्यांनी फिल्मची ती फाइल माझ्या हातातून घेऊन मिटली आणि परत दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या उजव्या हातात मोजा नव्हता.

मी आनंदाने विचारलं, बरं वाटतंय का.

‘बरंच,’ ते म्हणाले, आणि हात खिशात घातला.

मला खरंच बरं वाटलं. त्यांच्या समजावण्याने नाही, त्या उघड्या हाताने. जिन्यावरून उतरताना मी स्वतःलाच वेड्यात काढलं.

मी वेगळे ट्रे केले, वेगळी हत्यारं केली, हात चार-चार वेळा धुतले. बेरीज बदलली नाही. बेकरीवालीला मी गुपचूप मलम बंद करायला सांगितलं, तिने केलं, तरी तिची खाच खोल होतच गेली. शेवटी न राहवून मी पोस्टमनकाकांना खरं ते सांगितलं. ते बूट घालत होते. तीन वर्षांनी पहिल्यांदाच दोन्ही पायांत बूट. लेस हातात धरून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, ‘हे मला सांगायला नको होतंस, पोरी.’ लेस बांधून ते उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, डबी संपलीय, नवी दे.

मी दिली.

बेकरीवाली त्यानंतर यायची बंद झाली. फोन केला तर एकदाच उचलला. नुसती ऐकत राहिली, आणि ठेवून दिला.

आता भावाचं सांगायला हवं. ते मी पुढे ढकलत आले.

तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच त्याचं सगळं केलं. तो टर्नर आहे, म्हणजे होता. लेथवर लोखंडाचे भाग कातायचा. त्याच्या बोटांना केसाएवढा फरक कळायचा, साहेब लोक मोजपट्टी सोडून त्याला विचारायचे. अभ्यास सुरू झाला त्याच सुमारास लोखंडाचा एक तापलेला कीस उडून त्याच्या उजव्या हाताला कोपराच्या खाली लागला. चार सेंटिमीटरची तिरकी चीर, टोकाला किंचित आकडा. थोडी पिकली होती. साधं ड्रेसिंग केलं असतं तर दहा दिवसांत बरी झाली असती.

तो मला भेटायला दवाखान्यात आला होता. सर समोरून आले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ उजेडाकडे वळवून बघत राहिले. मग मला म्हणाले, याला अभ्यासात घेऊ, एक जोडी वाढवतोय. मी म्हटलं की एवढ्या चिरेला कशाला. त्यावर ते म्हणाले, ‘तुझा भाऊ आहे म्हणून म्हणतोय.’

मला तो मेहेरबानीचा भाग वाटला. संमतीचा कागद मी भावाला वाचून दाखवायला लागले तर त्याने पेन काढून घेतलं. वाचून काय करू, तू सांगतेस ना, म्हणाला. त्याने सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. त्याचा नंबर एक्केचाळीस. बेचाळीस नंबरचा पेशंट बाहेरगावी असतो, त्याचं मोजमाप तिकडेच होतं, असं सरांनी मला सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी मी त्याची फिल्म काढली तेव्हा तो म्हणाला, माप घेतेस तर शर्टही शिवून दे. फक्त तीन चौकोन भरले होते.

पुढे ते सात झाले, मग बारा. ज्या दुपारी मी सगळ्या जोड्या लावल्या, त्या दुपारी त्याची फिल्म माझ्यासमोरच होती. चाळिसातल्या एकाच्याही आकाराशी ती जुळली नाही. मी त्यालाच आधार समजले. म्हणजे त्याला काही झालेलं नाही, साधा जंतूच चिवट आहे. माणूस स्वतःची समजूत किती छान घालतो. मी त्याचं मलम बंद केलं, गोळ्या बदलून घेतल्या, सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायला लागले. भावजय गरम पाणी आणून द्यायची आणि विचारायची, ताई, भरतंय ना. मी हो म्हणायचे.

त्याची कड आता सरळ राहिली नव्हती. मधोमध खोल, पाच कोन असलेला खड्डा झाला होता. तो म्हणायचा, दुखतं ते तळहातात. पेन धरता येत नाही.

नवव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी सकाळी, पलंगावर, उत्तरेच्या उजेडात, मी त्याच्या जखमेतून एक कपची काढली.

हाडाची होती. कापलेल्या नखाएवढी, एका टोकाला धारदार, पिवळी पडलेली.

मी त्याच्या हाताचा फोटो काढून घेतला. दोन्ही हाडं अखंड होती. कुठे टवकासुद्धा उडालेला नव्हता. कपची घेऊन मी लॅबमध्ये गेले. लॅबवाल्याबरोबर मी बारा वर्षं रोज अकराचा चहा घेत आले होते. त्याने भिंगाखाली बघितलं आणि सहज म्हणाला, जुनं आहे, बाई, मांडीचं असावं.

मी भावाला पलंगावरच बसायला सांगितलं. त्याची पहिल्या दिवशीची फिल्म फाइलमधून काढली आणि जिना चढून वर गेले.

सर ऑपरेशनच्या खोलीतून नुकतेच बाहेर आले होते. गेल्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा हातात सुरी धरली होती. सगळ्या विभागाने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यात मी सगळ्यांत पुढे होते.

मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, हात दाखवा.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. तळहात भरला होता. मी ड्रेसिंग करायचे तेव्हाचा खड्डा नव्हता, व्रण नव्हता. फक्त मधोमध एक बारीक, तिरकी, ताजी रेघ होती.

मी फिल्म तिच्यावर ठेवली.

चार सेंटिमीटर. टोकाला किंचित आकडा.

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचा आवाज संपेपर्यंत आम्ही दोघं त्या हाताकडे बघत होतो.

‘हे कसं होतं?’ मी विचारलं.

‘मला माहीत नाही,’ सर म्हणाले. ‘खरंच नाही. मागच्या अभ्यासात पहिल्यांदा दिसलं. का होतं ते कळलं नाही. होतं, एवढंच कळलं.’

मी विचारलं, माझा भाऊच का.

ते पेशंटच्या नातेवाइकांना समजावताना काढतात तो आवाज काढून म्हणाले, ‘त्याची जखम लहान होती, ताजी होती. तो तरणा आहे, सोसेल असं वाटलं. आणि ड्रेसिंग तू करणार होतीस. तुझ्याइतकं चांगलं कोणी केलं नसतं.’

हे त्यांनी मनापासून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत मला लबाडी दिसली नाही. दिसली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, परत करा.

ते म्हणाले, ‘करता येत असतं तर तू मागायच्या आधी केलं असतं.’ मग त्यांनी माझी फिल्म तळहातावरून उचलली, कडेने नीट धरून माझ्या हातात दिली, आणि घड्याळाकडे बघितलं. तिकडे पुढचा पेशंट टेबलावर घेतला होता.

दवाखान्याची एक समिती असते. अभ्यासाच्या नावाखाली पेशंटच्या जिवाशी खेळ होत नाही ना, हे बघणारी. मी तिच्यापुढे गेले. लांब टेबल, पाच माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास. मी सगळ्या फिल्म मांडल्या. लॅबवाल्याला बोलावलं. तो म्हणाला की नमुन्यांवर चिठ्ठ्या मीच लावायचे, अदलाबदल झाली असू शकते. पुढे म्हणाला की काच किंवा कपची तर त्याच्याकडे कधी आलीच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर जाताना माझ्या खुर्चीला त्याचा धक्का लागला तर सॉरी म्हणाला.

अध्यक्षबाईंनी दोन फिल्म एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या. त्या जुळल्या. त्यांनी पुन्हा नीट बघितल्या, चष्मा काढला आणि विचारलं, ‘सिस्टर, या दोन्ही तुम्हीच काढल्यात ना?’

मी हो म्हटलं.

‘म्हणजे रेघ तुमचीच आहे,’ त्या म्हणाल्या.

मी फिल्म गोळा करायला लागले. सर शेवटी बोलले. माझ्याविरुद्ध एक अक्षर नाही. सिस्टरसारखी माणसं मिळत नाहीत, घरात आजारपण आहे, ओढाताण झाली आहे, थोडी विश्रांती द्या. त्यांनी माझी बाजू घेतली. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कापणाऱ्याचा हात जराही थरथरत नव्हता.

मला चादरी आणि टॉवेलांच्या कोठीत बदली मिळाली. भावाला मी दुसऱ्या गावी, दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर भले होते, त्यांनी जंग जंग पछाडलं. तीन आठवड्यांनी त्याचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला. कापलेली जागा अकरा दिवसांत भरली. इतकी स्वच्छ की तिथल्या सिस्टरने मला बोलावून कौतुकाने दाखवली.

घरी आणल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. साक्षीदाराची सहीसुद्धा. त्याने ऐकून घेतलं. भावजय दाराशी उभी होती; ती आत गेली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. मी गेले की दार उघडते, बाजूला होते. भाऊ मात्र बोलतो. मला वाटतं, तो नसता बोलला तर मी सुटले असते.

गेल्या गुरुवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले. तो खिडकीजवळ टेबलाशी बसून चाररेघी वहीत डाव्या हाताने अक्षरं गिरवत होता. मला बघून म्हणाला, बघ, पहिलीत बसवलंय मला. मी त्याच्यासमोर बसले. थोड्या वेळाने त्याने पेन खाली ठेवलं.

म्हणाला, हात अजून आहे.

मी घाबरले नाही. हात-पाय काढलेल्या बऱ्याच जणांना असं वाटतं. शिरांना सवय असते. शेकडो पेशंटना मी हे समजावलंय. मी त्याला विचारलं, दुखतो का, मूठ आवळल्यासारखं वाटतं का.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘काम करतो.’

मी खुर्ची पुढे ओढली.

रोज साधारण दहाला सुरू होतं, त्याने सांगितलं. आधी पाणी, कोपरापर्यंत. मग काहीतरी घट्ट, बोटांना चिकटून बसणारं. मग चिमट्यासारखं काही. मग दोरा. गाठी मारतो, एक अशी, आणि तिच्यावर दुसरी उलटी. सांगताना त्याच्या उरलेल्या कोपराजवळचे स्नायू बारीक हलत होते. ती गाठ मला माहीत आहे, टाके घालताना सर मारतात ती. ऑपरेशनच्या खोलीत त्याने आयुष्यात कधी पाऊल ठेवलेलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

‘आता चालू आहे,’ तो म्हणाला.

मी विचारलं, काय.

त्याने डोळे मिटले. ‘काहीतरी लहान आहे. ऊबदार. मुठीत मावेल एवढं.’

आत भावजयीने नळ सोडला आणि बंद केला.

‘दाबतोय,’ तो म्हणाला. ‘सोडतोय. पुन्हा दाबतोय.’

मी त्याच्या खांद्याकडे बघत होते. त्याची कापलेली बाही एका लयीत हलत होती.

मग थांबली.

त्याच्या कपाळाला घाम आला होता. त्याने डाव्या हाताने तो पुसला. मग मोजा निघाला असं म्हणाला, आणि पाणी झालं असं म्हणाला, जास्त वेळ. मी घड्याळाकडे बघितलं नाही. दवाखान्यात फोन करून विचारता आलं असतं, आज सरांच्या टेबलावर कोणाचं मूल होतं म्हणून. मी विचारलं नाही.

‘खांदा आहे,’ तो एकदम हळू म्हणाला.

मी विचारलं, कोणाचा.

‘माहीत नाही. हात ठेवलाय त्याच्यावर. बाईमाणूस असावं.’ तो थांबला. ‘हलतोय गं.’

त्याने उरलेल्या हाताने वहीचं पान दाबून धरलं, आणि तो खांदा शांत व्हायची वाट बघत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.